गोव्याच्या कोको बीचवरची अर्ध्या दिवसाची मासे गरवायची ट्रिप: बोट बरी, चार्ट भंगार, तांडेल एक नंबर

आधी निकाल सांगून टाकतो, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला धीर नसतो, मी स्वतः तसाच आहे. पाचपैकी साडेतीन. बोटीला तीन, रॉड-रीळला दोन, त्यांनी हातात ठेवलेल्या मासे ओळखायच्या लॅमिनेटेड चार्टला शून्य, आणि तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) सहा देता आले असते तर सहा. सरासरी मी माझ्या मनाने काढलीय, हिशेब मांडत बसू नका.

नेरूळच्या कोको बीचवरून, म्हणजे जिथून डॉल्फिन दाखवायच्या बोटी सुटतात तिथूनच, सकाळी लवकर निघते ही ट्रिप. मांडवीच्या तोंडावर थोडा वेळ, मग आग्वादच्या टोकाच्या खडकांजवळ, समुद्र शांत असेल तर अजून थोडं बाहेर. माणशी २५०० घेतले, त्यात रॉड, आमिष, पाणी आणि एक चहा. नाव मुद्दाम टाकत नाही कारण चार्टची आणि त्यांच्या इन्स्टावरच्या रीलची मी चांगली सालं काढणार आहे आणि पोरं कष्टाळू आहेत, उगाच धंद्यावर पाय नको.

आता गोव्यात फिशिंग ट्रिप म्हणून जे विकतात ते बहुतेकांनी अनुभवलं असेल, बोट नदीच्या तोंडाशी थांबवायची, प्रत्येकाच्या हातात दोरी आणि कोळंबीचा तुकडा लावलेली गरी द्यायची, दोन दोड्यारे आणि एक सांगट (कॅटफिश) लागला की फोटो, बिअर, आणि परत. मासा कुठला हे विचारलं तर "फिश सर, गुड फिश". ह्या लोकांकडे फरक एवढाच पण मोठा आहे की तुमच्या गरीला काय लागलंय ते इथे सांगतात, तेही मासा पाण्यातून वर यायच्या आधी, आणि मग वर आल्यावर का तसं म्हटलं ते दाखवतात. मी त्यासाठीच पैसे दिले असं समजा, बाकी सगळं चहाबरोबरचं बिस्कीट.

माझ्याबरोबर सांगलीहून आलेला मेव्हणा आणि त्याचा मुलगा होता. पोरगं सातवीत आहे, वाचायचं वेड, त्यामुळे चार्ट त्याच्या हातात गेला आणि तिथूनच गंमत सुरू झाली. चार्ट दिसायला झकास, वॉटरप्रूफ, रंगीत, वर मोठ्या अक्षरात उष्ण किनाऱ्यावरचे स्पोर्ट फिश वगैरे. पण मासे कुठले तर टार्पन, स्नूक, रेड ड्रम, स्पॉटेड सीट्राउट, शीप्सहेड. अहो हे फ्लोरिडाचे मासे आहेत! किनारा उष्ण आहे हे खरं, पण अटलांटिकचा. वर प्रत्येक माशाखाली इंचात मापं छापलीत, रेड ड्रम १८ ते २७ इंच असेल तरच ठेवायचा वगैरे, तो तिकडचा नियम, आपल्या मांडवीत रेड ड्रम सापडला तर तो विमानाने आला असणार. ऑनलाइन कुठूनतरी फाइल उचलून म्हापशात प्रिंट मारलेली दिसते. आणि हे फुकट नाही हं, "किट" म्हणून वेगळे १५० लावतात.

पोरगं चार्ट घेऊन तयारीत बसलेलं आणि बाजूच्या होडीवाल्याने तेवढ्यात एक चांगला हातभर चोणक वर काढून दाखवला. ह्याने चार्ट बघितला आणि ओरडला, "बाबा, स्नूक! दाजी, स्नूक!" बापाचं ऐकून ऐकून तोही मला दाजीच म्हणतो. आमचा तांडेल, साठीच्या पुढचा माणूस, विडी कानामागे, हसला आणि म्हणाला, "पयलीं तोंड पळय, मागीर शेंपडी." म्हणजे आधी तोंड बघ, मग शेपूट. ह्या एका वाक्यावर त्या माणसाचा सगळा अभ्यासक्रम चालतो.

तर चोणक. तुमच्यातले रायगडवाले ह्याला जिताडा म्हणतील, मालवणकडे खजुरा, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी म्हणून ह्याचे केवढे लाड चालतात ते यूट्यूबवर बघा. डोळ्याच्या वर कपाळ आत दबलेलं असतं आणि तिथून पाठ एकदम चढते, तोंड मोठं, जबडा डोळ्याच्याही मागे जातो. स्नूकचं डोकं खरंच जवळजवळ तसंच असतं, पोराची चूक नव्हती, शास्त्रवाल्यांनीही पूर्वी दोघांना एकाच कुळात घातलेलं होतं. पण मग शेंपडी पळय. चोणकाची शेपूट गोल, पंख्यासारखी, आणि स्नूकची दुभागलेली, शिवाय स्नूकच्या अंगावरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक काळी ठसठशीत रेघ जाते ती चोणकाला नसतेच. दोन खुणा, दोन सेकंद. आणि हाताळताना कल्ल्याच्या झाकणाला बोट लावायचं नाही, ती कड ब्लेडसारखी असते, दोरीही कापते आणि बोटही.

ह्याच्यावर तांडेलाने अजून एक गोष्ट सांगितली जी मला मोबाइलवर वाचलेली माहीत होती पण त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे जे धूड बघून तुम्ही फोटोला उभे राहता ती बहुतेक वेळा अंड्यांची माय असते. म्हणून तो स्वतः मोठा चोणक गिऱ्हाइकाने सोडावा असं सुचवतो, जबरदस्ती नाही. मध्यम आकाराचा खायलाही जास्त चांगला, हे माझं मत, त्याचं नाही.

खडकांजवळ गेल्यावर मेव्हण्याच्या रॉडला जोरात बसला. मेव्हणा उत्साहात रॉड खाली करून रीळ फिरवायला लागला तसा तांडेल मागून खेकसला, "हो चोणक न्हय, तामसो! रॉड सकयल करूं नाका!" अजून मासा दिसलाही नव्हता. चोणक लागला की पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, तामसो उडीबिडी मारत नाही, लागल्या क्षणी सरळ कपारीकडे खाली खेचतो आणि तिथे एकदा शिरला की दोरी घासून तुटते. मग वर आला तो खरंच तामसो, आपली मालवणी तांबोशी, इंग्रजीत मॅंग्रोव्ह जॅक. तांब्याच्या भांड्यासारखा रंग, पुढे जबड्यात कुत्र्यासारखे सुळे, आणि हा लहान होता म्हणून अंगावर फिकट उभे पट्टे अन् डोळ्याखाली निळी बारीक रेघ. मोठा झाला की पट्टे जातात, नुसता लालसर तपकिरी उरतो. चार्टवर रेड स्नॅपर नावाचा एक लाल मासा होता, पोराने तेच नाव वहीत लिहिलं, तांडेलाने खोडायला लावलं. नातं आहे, पण घर वेगळं.

हाताला लागलेल्या ओढीवरून मासा ओळखायचं त्याचं जे काही आहे ते मी जेवढं टिपू शकलो तेवढं देतो, कारण हे कुठल्या चार्टवर मिळणार नाही. कोकर, म्हणजे ट्रेव्हॅली, बोटीखाली गोल गोल फिरतो आणि शेपटीचे ठोके दोरीतून हाताला कळतात, दमतच नाही मेला. दागोळ, इंग्रजी क्वीनफिश, पाण्यावर येऊन सपासप उड्या मारतो. तोणकी म्हणजे बॅराकुडा, पहिली धाव बंदुकीच्या गोळीसारखी आणि मग अचानक ढिली, आणि कधीकधी ढिली म्हणजे दोरीच कापून गेलेली असते, टोक बघा, कात्रीने कापल्यासारखं साफ. गोबरो (आपला हेकरू) एक जोराचा हिसका देऊन बिळात, मग तुम्हाला वाटतं गरी दगडाला अडकली. आणि सांगट नुसता जड, मान हलवत येतो, पळत कधीच नाही. हा सांगट वर आला की मात्र पोरांना लांब ठेवा, पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी, ठणका बसतो तो बसतोच. तांडेल पकडीने धरतो, हाताने नाही, त्यावरून समजा.

कोकरावर थोडं जास्त लिहितो कारण इथे माझी तक्रार आहे. ह्या लोकांच्या इन्स्टावर जी रील फिरतेय त्यात एक पोरगा मासा धरून "जीटी! जीटी!" ओरडतोय. जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हॅली, गरवणाऱ्या लोकांचं स्वप्न, कपाळ एकदम उभं, पन्नास किलोच्या वर जाऊ शकतो. रीलमधला मासा मी थांबवून थांबवून बघितला, कल्ल्याच्या वरच्या टोकाला काळा ठिपका, डोळा मोठा, पाठीच्या दुसऱ्या पराचं (फिनचं) टोक पांढरं. तो बिगआय ट्रेव्हॅली आहे हो. जीटीला तो ठिपका नसतो. अजून पक्कं करायचं तर मासा उलटा करून छाती बघायची, जीटीच्या छातीवर खवलं नसलेला एक भाग असतो आणि त्या टकलात मध्येच खवल्यांचा एक छोटा पुंजका, बिगआयची छाती पूर्ण खवल्यांची. तांडेलाला रील दाखवली तर त्याने डोळे मिटून मान हलवली आणि मालकाच्या पोराचं नाव घेतलं, पुढचं छापण्यासारखं नाही. आम्हाला लागले ते दोन्ही बिगआयच होते, खेळायला मस्त, फ्राय करायला त्याहून मस्त, मग खोटं कशाला सांगायचं?

दागोळ आणि कोकर ह्यांच्यात लोक गोंधळतात, दोघे चंदेरी, दोघे चपटे. शेपटीच्या आधी बोट फिरवा (हळू). कोकराला तिथे कडक खवल्यांची करवतीसारखी ओळ लागते, दागोळ गुळगुळीत. दागोळाच्या कुशीवर बोटांचे ठसे उठवल्यासारखे मोठे डाग ओळीने असतात, पाच ते आठ. पाठीवरचे बारके काटे मात्र टोचतात आणि झोंबतात, त्यामुळे गुळगुळीत आहे म्हणून कवटाळू नका.

आता इसवण. ट्रिपमध्ये आम्हाला लागला नाही, त्यासाठी बाहेर लांब जाऊन ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे गरी ओढत नेणं) करावं लागतं, पण परतताना तांडेलाने ह्यावर जे सांगितलं त्याचा उपयोग मला रोज होतोय म्हणून लिहितो, बाजारात होतोय. इसवण म्हणजे सुरमई, आणि तोवर म्हणून तिचा छोटा भाऊबंद आहे, तो पण सुरमईच म्हणून गळ्यात मारतात. इसवणाच्या अंगावर उभ्या वळ्या, नागमोडी बारीक पट्टे, आणि तोवरच्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी. पण लहान मासा असेल, बर्फात पडून रंग उडाला असेल तर पट्टे काय नि ठिपके काय. तेव्हा बाजूची रेघ बघायची, कल्ल्यापासून शेपटीकडे जाणारी जी बारीक रेघ असते ती. इसवणात ती पाठीवरच्या दुसऱ्या पराच्या शेवटाखाली खटकन खाली उतरते, पायरी उतरल्यासारखी. तोवरमध्ये हळूहळू उतरत जाते, आणि तिला बारीक बारीक फाटे फुटलेले दिसतात. गंमत म्हणजे त्या भंगार चार्टवर फ्लोरिडाच्या किंग मॅकरल आणि स्पॅनिश मॅकरलची हीच खूण दिलीय, तिकडचे मासे वेगळे पण रेघेची पायरी तीच. चार्टला शून्याऐवजी पाव मार्क द्यायला हरकत नाही ह्यासाठी. स्लाइस करून ताटात आल्यावर मात्र तांडेलसुद्धा काही करू शकणार नाही, त्यामुळे आख्खा मासा बघून घ्या आणि समोर कापून घ्या.

चार्टवरचे अजून दोन-तीन मासे इथेही चालतात म्हणा, कारण ते जगभरच्या गरम समुद्रांत तेच आहेत. सेलफिश, माही-माही आणि मोडसो म्हणजे कोबिया. मोडसो बघून मेव्हण्यासारखे घाटावरचे लोक "शार्क शार्क" करतात, चपटं डोकं, गडद तपकिरी अंग, बाजूने फिकट पट्टा, खालचा जबडा पुढे. पाठीवर मोठ्या पराच्या आधी सुटे सुटे बारके काटे मोजा, सात ते नऊ असतात, मोरीला (शार्कला) असलं काही नसतं. बोयांच्या (समुद्रातल्या तरंगत्या खुणांच्या) आसपास, तरंगणाऱ्या लाकडाखाली, मोठ्या वागळ्याच्या (स्टिंगरेच्या) पाठोपाठ फिरतो म्हणे. आम्ही एका बोयाला दोन फेऱ्या मारल्या, काही नाही.

आणि चार्टवर लेडीफिश म्हणून जो लांबट उड्या मारणारा मासा आहे तो बघून हॉटेलातली लेडीफिश आठवून तोंडाला पाणी सुटू देऊ नका, आपली ती मुडदोशी, वाळूतली, चार्टवरच्या काटेरी प्रकाराशी तिचा काही संबंध नाही.

काय नाही बघितलं तर रावस. खालच्या बाजूला तोंड, नाक पुढे आलेलं आणि छातीच्या पराखाली चार दोऱ्या लोंबतात म्हणून ओळखायला सर्वात सोपा, पण त्या दिवशी रुसलेला. केंड एक लागला, फुगला, पोराला सगळ्यात जास्त तोच आवडला, लगेच पाण्यात. विषारी, खायचा विचारही नको. तांडेलाने एवढंही सांगून ठेवलं की पुढून वागळ्यासारखा आणि मागून मोरीसारखा दिसणारा गिटारफिश लागला तर तो दोरी कापून सोडतो, फोटोसाठी बोटीत घेत नाही. बरोबरच आहे, जायंट गिटारफिश वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, देवमाशासारखा दिसणारा व्हेल शार्कही त्यातच, सापडला तर तुम्ही आत जाल.

आता बाकीचं पटपट. लाइफ जॅकेट सगळ्यांना दिली, पोराच्या मापाचंही होतं, हा मोठा प्लस. सावलीला एक ताडपत्री, अर्धी फाटकी. टॉयलेट नाही, बायकांना घेऊन जाणाऱ्यांनी आधीच विचार करा. रॉड जाडे आणि जुने, एका रिळाचा ड्रॅग (दोरी सैल-घट्ट करायचा ब्रेक) अडकत होता, गरीजवळची लीडरची दोरी इतकी पातळ की तोणकीने दोन वेळा गरीसकट नेली, स्वतःचं सामान असेल तर स्वतःचंच न्या. आमिषाला कोळंबी शिळी वाटली पण माशांनी तक्रार केली नाही. आग्वादच्या टोकाला लाटा आडव्या येतात, उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या, बोटीत बसून घेतली की उपयोग नाही, मेव्हण्याला विचारा.

दिवस कुठला निवडायचा हे बुकिंगवाल्या पोराला विचारू नका, तो "एनी डे सर" म्हणणार. ऑक्टोबर ते मे कधीही, पण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तोंडावर पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त, गरी तळाला टिकत नाही. नवशिक्यांनी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस बघा. तांडेलाचं म्हणणं सुकतीच्या (ओहोटीच्या) सुरुवातीला चोणक तोंडावर येतो कारण खाडीतली बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर येते आणि तो वाटेत उभा राहतो. आमच्या वेळेला तसंच झालं, बाजूच्या होडीला मिळाला तो सुकती लागल्यावरच. जून-जुलै विसरा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, आणि तेव्हा कोणी "स्पेशल मान्सून ट्रिप" देत असेल तर मांडवीच्या तोंडावरची पावसाळ्यातली लाट एकदा पणजीच्या बाजूने उभं राहून बघून या.

अॅडव्हान्स निम्मा घेतात, वाऱ्यामुळे रद्द झाली तर तारीख बदलून देतात, पैसे परत नाही. मासे तुमचे, साफ करून देतात, त्याचे वेगळे मागितले नाहीत पण द्या काहीतरी.

बुकिंग करताना एकच गोष्ट पक्की करा, म्हातारा तांडेल असलेली बोट मागा. दुसऱ्या बोटीवर मालकाचा तो रीलवाला मुलगा असतो, माणूस चांगला, गाणी चांगली लावतो, पण त्याच्या बोटीत जे लागेल ते जीटी. चार्टबद्दल मी मालकाला तोंडावर सांगितलं की चोणक, तामसो, कोकर, दागोळ, इसवण, तोवर, मोडसो, गोबरो एवढे आठ मासे इथल्या नावांनी काढून घ्या, तांडेलाला बाजूला बसवा, एका दिवसाचं काम आहे. पुढच्या सीझनला करतो म्हणाला. तोपर्यंत ते किट घेऊ नका, बिलात आपोआप लावलेलं असतं, बोटीत चढायच्या आधी १५० काढायला सांगा, काढतात.